भोक न पाडता

"त्या मुलीला काय विचारायचं? ती बोलते कुठे? तुम्ही वर जा, भोक पाडा आणि मोकळे व्हा."

मी जिन्याच्या वळणावर उभी होते, हातात दुधाची पिशवी. खाली अंगणात घरमालक काकांचा मुलगा एका फिटरला काम समजावून सांगत होता. 'ती मुलगी' म्हणजे मी, वरच्या खोलीची भाडेकरू. सोमवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते. अकरा वाजता माझी ऑफिसची ऑनलाइन मीटिंग होती आणि मला नोकरीत कायम करायचं की नाही, ते तिच्यात ठरणार होतं. खोलीत नेटवर्क येत नव्हतं. गच्चीवर अँटेना बसवून झाली होती, फक्त तिची केबल खोलीत यायची राहिली होती. भिंतीला एक भोक पडलं की ती आत येणार होती. म्हणजे खरं तर मला बरं वाटायला हवं होतं.

फिटर सटाण्याकडचा होता. म्हणाला, "भाऊ, पंधरा मिनिटांचं काम हे. लय काय नाय त्यात."

काका ओट्यावर बसले होते. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. त्यांच्या घरात त्यांच्यासमोर कोणीतरी 'भोक' हा शब्द दोनदा उच्चारला होता आणि ते गप्प होते. असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या घरात मी पावणेदोन वर्षं राहिले. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत ते बैठं घर, वर एक खोली आणि गच्ची. तिन्ही बाजूंनी उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यामुळे सूर्य साडेनऊनंतर यायचा आणि मोबाइलचं नेटवर्क यायचंच नाही. काका टेलिफोन खात्यात जॉइंटर होते. जमिनीखालच्या जाड केबलमध्ये शेकडो बारीक तारा असतात. त्या खड्ड्यात उकिडवं बसून एकेक करून जोडायच्या, हे त्यांचं काम. तीस वर्षं ते केल्यामुळे की काय, ते खुर्चीतही उकिडवे बसायचे.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला भिंती दाखवल्या. इतर घरमालक नळ सोडून दाखवतात, खिडकी उघडून हवा कशी येते ते सांगतात. काकांनी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं, कान जवळ नेला आणि म्हणाले, "खिळा नाही. स्क्रू नाही. हुक नाही. चिकटपट्टी लावलीस तर चालेल, पण काढताना हेअर ड्रायरने गरम करून काढायची. रंग उखडतो. तुझ्याकडे ड्रायर नसेल तर माझ्याकडे आहे."

काकांच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

मी मान हलवली. घोटीहून माझे वडील सोबत आले होते. त्यांना वाटलं, शिस्तीचं घर आहे, मुलीसाठी चांगलं आहे. आमची तिथे भाताची गिरण आहे आणि गिरणीत सगळे ओरडूनच बोलतात. मी त्यातली कधीच नव्हते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी. दोन्हीकडे बोलायच्या आधी मनात वाक्य जुळवायची सवय लागली. वाक्य जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. त्यामुळे मी बोलण्यापेक्षा बघायचे जास्त.

बघण्यासारखं त्या घरात पुष्कळ होतं. खालच्या हॉलमधलं घड्याळ फ्रिजला टेकून उभं असे. कॅलेंडर सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलेलं. देव लाकडी फळीवर, आणि ती फळी दोन स्टुलांवर. काका-काकूंच्या लग्नाची मोठी फ्रेम कपाटावर उताणी ठेवलेली होती.

"आमच्या लग्नाचा फोटो घरात आला त्या दिवसापासून झोपलेलाच आहे," काकू मला म्हणाल्या. "त्याला उभं राहायची परवानगी नाही. कोणी पाहुणा आला की मी कपाटावरून खाली काढते, दाखवते, परत झोपवते."

"अगं, फोटोला काय, झोपून जास्त टिकतो," काका आतून म्हणाले.

भोकाविषयी काकांकडे कारणांची कमी नव्हती. मला त्यांनी सांगितलं होतं, भोकातून मुंग्या येतात. प्लंबर आला तेव्हा त्याला म्हणाले, वास्तूला चालत नाही. शेजारच्या इमारतीतले एक इंजिनिअर गच्चीवरून बोलायचे, त्यांना सांगितलं की भिंती साडेचार इंची आहेत, धक्का सोसत नाही. काकूंना ते म्हणायचे, "तीस वर्षं लोकांच्या घरांना भोकं पाडली. पुरे झालं." हे शेवटचं ऐकायला इतकं छान होतं की काकूंनी कधी शंका घेतली नसावी. मी घेतली. चार जणांना चार कारणं सांगणाऱ्या माणसाचं पाचवं, खरं कारण वेगळंच असतं. मला हे माहीत आहे, कारण लग्नाकार्याला न जाण्याची कारणं मीही अशीच वाटून देते.

दुसऱ्या कोणी काही ठोकायचं, लावायचं, बसवायचं म्हटलं की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. "भिंतीला विचारलंस का?" गॅसवाल्याला, पडदेवाल्याला, काकूंच्या बहिणीलाही. तिने एकदा आरशासाठी खिळा आणला होता. ती म्हणाली, "विचारलं भावोजी. भिंत म्हणाली, माझा मालक वेडा आहे." काका सगळ्यांत जास्त हसले. खिळा मात्र खिशात घातला.

मला त्यांना काही सांगायचं असेल तर मी चिठ्ठी लिहायचे, इंग्रजीत, आणि माझ्या दाराखालून बाहेर सरकवायचे. ते उत्तर लिहून तिथूनच आत सरकवायचे. त्यांचं अक्षर वळणदार होतं आणि मला ते वाचायला वेळ लागायचा. हाक मारताना ते मला 'मॅडम' म्हणायचे, पण पुढे 'तू'च असायचं.

एक चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. "मॅडम, गच्चीवर उन्हात बसून काम करू नये. डोकंही तापतं आणि मशीनही. तुझी तार खोलीत आणून देतो. भोक न पाडता."

मी तेव्हा खरंच गच्चीवर बसायचे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मांडीवर लॅपटॉप. तिथे नेटवर्कच्या दोन कांड्या यायच्या. वरिष्ठांशी बोलताना दोनदा कॉल तुटला होता आणि दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, पुढच्या सोमवारच्या रिव्ह्यूमध्ये असं झालं तर मला तुझ्यासाठी काही करता येणार नाही. मी हे काकांना सांगितलं नव्हतं. फक्त टाकीजवळ बसून रडले होते, तेही दोन मिनिटं. त्यांनी ते पाहिलं असावं.

वायरलेस इंटरनेटवाल्यांनी येऊन गच्चीच्या लोखंडी पाइपला अँटेना बांधून दिली. केबल आत घ्यायला ड्रिल काढलं, तेव्हा काकांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

मग काम सुरू झालं. काका रोज सकाळी आठ ते साडेनऊ एवढाच वेळ काम करायचे, कारण त्यानंतर त्यांच्या मते भिंत तापायला लागते. पहिल्या दिवशी त्यांनी काळ्या केबलला भिंतीच्या रंगाचा, फिक्कट पिवळा हात दिला. दुसऱ्या दिवशी ती वाळली की नाही ते बघितलं. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या छतावरून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपामागे ती दडवली आणि क्लिप न मारता नायलॉनच्या दोऱ्याने वीतभर अंतरावर बांधत आणली. रस्त्यावरून बघितलं तर काही दिसत नव्हतं. पुढचा बेत असा होता: पाइपापासून केबल बाथरूमच्या झरोक्याकडे न्यायची, झरोक्यातली एक काचेची पट्टी काढून तिथे खाच पाडलेली प्लॅस्टिकची पट्टी बसवायची, त्या खाचेतून केबल आत, मग दाराच्या चौकटीवरून माझ्या टेबलाशी.

"आत शिरायच्या आधी झोळ," ते म्हणाले आणि केबलला झरोक्याखाली हातभर लोंबू दिलं. "केबल आधी खाली वाकली पाहिजे, मग वर चढून आत. का? पाणी केबलवरून घरंगळत येतं. झोळापाशी आलं की थेंब होऊन खाली पडतं. सरळ आत घेतलीस तर पाणी पाहुण्यासारखं घरात येऊन बसेल."

मी लिहून विचारलं, सोमवारपर्यंत होईल का? त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी केली. "घाई भोक पाडणाऱ्यांना असते, मॅडम," म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता, हे कबूल करायला हवं. एक भोक. चार मिनिटांचं काम. माझी नोकरी एका माणसाच्या हट्टात अडकली होती.

पाचव्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, हातात छोटा ट्रान्झिस्टर. "पंखा दोनवर कर. केबल लावायच्या आधी भिंतीतली तार कुठे आहे ते बघू," म्हणाले. मी रेग्युलेटर फिरवला. त्यांनी रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर लावला आणि भिंतीजवळ धरून हळूहळू सरकवायला लागले. बोर्डाजवळ रेडिओ गुरगुरला. रेग्युलेटरचा तो आवाज भिंतीतल्या तारांमधून फिरतो आणि तार जिथे जवळ असेल तिथे रेडिओत ऐकू येतो. काका गुरगुर ऐकायचे आणि खडूचा बारीक ठिपका द्यायचे.

बोर्ड दाराजवळ होता. माझ्या वडिलांच्या गिरणीत वायरिंग होताना मी पाहिलं आहे. भिंतीच्या पोटातली तार बोर्डापासून सरळ वर जाते, मग आडवी वळते. सगळे तसंच करतात, म्हणूनच भिंतीत कुठे ठोकायचं आणि कुठे नाही ते कोणालाही कळतं. काकांचे ठिपके वर गेले नाहीत. ते तिरके गेले. बोर्डापासून निघून अख्खी भिंत ओलांडून, खिडकीच्या डाव्या कोपऱ्याच्या दोन बोटं वरून, बाथरूममधल्या गिझरकडे.

मी ठिपक्यांकडे बघत होते आणि ते माझ्याकडे.

"खांबावरून घरात तार कशी आणतात?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "जिथून जवळ, तिथून. मी जन्मभर तेच केलं. घर बांधलं तेव्हा वायरिंग मीच केलं, रविवारी रविवारी. पाइप कमी पडत होता, सोमवारी गिलाव्याचा माणूस येणार होता. मी सगळ्या तारा तिरक्या टाकल्या. वाटलं, आपलंच घर आहे, लक्षात राहील." त्यांनी ओल्या फडक्याने ठिपके पुसायला सुरुवात केली. "नाही राहिलं. कुठल्या भिंतीत काय कुठून गेलंय, देव जाणे. रेडिओ नुसता अंदाज देतो. खिळा ठोकणार कुठे?"

म्हणजे काकूंचा फोटो यासाठी झोपला होता.

"मुलाला माहीत नाही," ते म्हणाले. "तो इंजिनिअर आहे. तू बोलत नाहीस, ते बरं आहे."

आता मी दुसऱ्या घरात राहते. भिंतीत खिळा ठोकायचा असला की मी पंखा दोनवर करते आणि जुना ट्रान्झिस्टर भिंतीवरून फिरवते. पाहुण्यांना मी याचं कारण सांगत नाही. सांगितलंच तर मुंग्यांचं सांगते.

सहाव्या दिवशी, शुक्रवारी, झरोक्याशी पोचायला काका गच्चीच्या कठड्याजवळ स्टुलावर चढले. मी खोलीतच होते. स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. धावत गेले तर ते गच्चीवर आतल्या बाजूला बसलेले, मनगट धरून. बाहेरच्या बाजूला पडले असते तर, हे वाक्य त्या घरात पुढचे दोन दिवस कोणीच पूर्ण केलं नाही.

काकूंनी लँडलाइनवरून पुण्याला फोन केला. मुलगा शनिवारी आला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. पण त्याची भीती रागासारखी बाहेर यायची. "बहात्तराव्या वर्षी स्टुलावर! भाडेकरूच्या वायरीसाठी!" हे त्याने मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. मी दार लावून घेतलं. त्याचं चुकत नव्हतं. मी चिठ्ठीवर 'सॉरी' लिहिलं, दाराखालून सरकवायला वाकले आणि लक्षात आलं की काका आता जिना चढून चिठ्ठी घ्यायला येणार नाहीत.

आणि सोमवारी सकाळी हा फिटर.

मी दुधाची पिशवी घेऊन वर आले. मागोमाग ते दोघे आले. गच्चीवर फिटरचा फोन वाजला. "कामवर शे," एवढंच अहिराणीत बोलून त्याने तो खिशात टाकला. दाराशी चपला काढल्या, कारण काकूंनी नुकतीच फरशी पुसली होती. ओल्या फरशीवर त्याने लोखंडी स्टूल ठेवलं आणि अनवाणी त्यावर चढला.

"वायरिंग कोणी केलेलं हे?" त्याने विचारलं.

"बाबांनी. एकट्यांनी, अख्ख्या घराचं," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज दोन दिवसांत पहिल्यांदा मऊ झाला. "एकदम टापटीप काम आहे त्यांचं. डोळे मिटून ड्रिल मारा."

"मग बोर्ड हितं, म्हणजे वायर सरळ वर गेली. तिकडं काय नाय." फिटरने खिडकीच्या डाव्या कोपऱ्यावर, दोन बोटं वर, पेन्सिलीने फुली मारली.

मी "नको" म्हणाले. मला वाटतं म्हणाले.

"काय?" मुलाने वळून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. हे दोन शब्द माझ्या तोंडात नेहमी तयार असतात.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. दहा वाजून पाच मिनिटं. फिटरने ड्रिलची वायर माझ्या टेबलाजवळच्या प्लगमध्ये खोचली होती. त्याने एकदा हवेत ड्रिल फिरवून पाहिलं. आवाज खोलीभर झाला. तेवढ्यात काका दारात आले. जिना चढून त्यांना दम लागला होता. त्यांनी फुली पाहिली, स्टुलावरचे अनवाणी पाय पाहिले, खालची ओली फरशी पाहिली. तोंड उघडलं.

"बाबा, तुम्ही वर कशाला आलात? खाली बसा बघू," मुलगा म्हणाला. "होतंय काम. तुमचंच वायरिंग आहे, काळजी कसली?"

काकांचं तोंड उघडंच राहिलं. डावा हात चौकटीवर होता आणि बोटाचं पेर त्यावर टकटक करत होतं, अगदी हळू. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वर्षानुवर्षं लोकांचे चेहरे बघत आलेय, पण त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही. बोल म्हणत होते की बोलू नकोस, ते कळलं नाही.

ड्रिलचं टोक फुलीला टेकलं. पांढरा गिलावा भुरभुरून खाली लॅपटॉपवर पडला.

माझ्या हाताला वाक्य जुळवावं लागत नाही. मी टेबलापाशी गेले आणि प्लगचं बटण बंद केलं.

ड्रिल घरघरत थांबलं. "लाइट गेली काय?" म्हणत फिटरने वर पंख्याकडे पाहिलं. पंखा चालू होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मुलानेही. तिघेही माझ्याकडे बघत होते आणि माझा हात अजून बटणावर होता. मनात जुळवायला एकही वाक्य नव्हतं, तरी माझा आवाज निघाला. खाली अंगणात काकूंनाही ऐकू गेला असेल, इतका मोठा.

"दादा, खाली उतरा. या भिंतीतून वायर तिरकी गेली आहे. कुठून गेली आहे ते काकांना शोधता येतं, दुसऱ्या कोणाला नाही. आधी त्यांना विचारा."